कातडीचा वरचा पापुद्रा आणि सोलापूरचं ऊन

आरशात जो चेहरा दिसतो, त्याचा पृष्ठभाग मेलेल्या पेशींचा असतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण कातडीच्या अगदी वरच्या थरात जिवंत पेशी नसतातच. सपाट, वाळलेल्या, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक बसलेले असतात आणि ते सगळे मिळून जाडी भरते जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर. तळपायाला आणि तळहाताला हा थर पुष्कळ जाड, पापणीला सगळ्यात पातळ. एवढ्याशा पापुद्र्याच्या जोरावर आपण वाळून जात नाही. भाजलेल्या माणसाच्या अंगावरून तो गेला की शरीरातलं पाणी किती झपाट्याने निघून जातं, हे सिव्हिलच्या जळीत वॉर्डात एखादी रात्र काढलेल्या नातेवाइकाला विचारा. सलाइनच्या बाटल्या आणता आणता पाय दुखतात.

मी सोलापुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कातडीसाठी म्हणून लोक काय काय मागतात, कशावर काय लावून येतात, हे रोज बघतो. त्यातून माझं एक मत झालंय: आमच्या भागातल्या कातडीच्या तक्रारींतला मोठा वाटा आपणच तिला जे फासतो, घासतो आणि चोपडतो त्यातून आलेला असतो. कातडीला स्वतःची काळजी घेता येते. तिला ती घेऊ द्यायची, एवढंच बरेचदा आपलं काम असतं.

मोठ्या माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. वर बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा, आणि त्याखाली चरबी. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं आणि कातडीला ताण देणारे कोलॅजनचे धागे असतात. बाह्यत्वचेत रक्तवाहिनी नाही, म्हणूनच हलकं खरचटलं तर रक्त येत नाही. या बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी सतत जन्मतात, नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर जाता जाता त्या चपट्या होतात, केंद्रक गमावतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. तळापासून गळून पडेपर्यंत साधारण महिना ते दीड महिना जातो. वय वाढलं की जास्त. आठ दिवसांत कातडी पालटून देणारं क्रीम विकणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, किंवा असतं आणि तो सांगत नाही.

आपल्या भुईकोट किल्ल्याचा तट बघा. चिरे कितीही भक्कम असले तरी दोन चिऱ्यांमधला चुना निघून गेला तर तट पाणी धरणार नाही. पापुद्र्यातल्या मेलेल्या पेशी म्हणजे ते चिरे, आणि त्यांच्या मधे भरलेला चुना म्हणजे तीन प्रकारचे स्निग्ध पदार्थ: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याचं नाव रक्ताच्या रिपोर्टवर वाचून आपण दचकतो. कातडीत ते नसतं तर आपलं पाणी टिकलं नसतं.

पेशींच्या आतही पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात: अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टिक आम्ल. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनापासून यातले बरेचसे बनतात. काही घराण्यांत हे प्रथिनच जनुकातल्या दोषामुळे कमी बनतं. अशा घरातल्या मुलांच्या नडग्यांवर हिवाळ्यात खवले दिसतात, कोपरांच्या खोबणीत खाज सुटून कातडी लाल होते. 'आमच्याकडं सगळ्यांचीच कातडी अशी खरखरीत' असं आजी सांगते तेव्हा ती बहुतेक वेळा शास्त्रशुद्ध बोलत असते.

या पापुद्र्याचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, पाचच्या आसपास; सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. हा आंबटपणा उगीच नाही. मधले स्निग्ध पदार्थ तयार करणाऱ्या एन्झाइमांना तो लागतो, आणि रोग करणाऱ्या बऱ्याच जंतूंना तो मानवत नाही. आता साबण घ्या. कुठल्याही खऱ्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. साबण मळ काढतो कारण तो तेल विरघळवतो. पण हे तेल मळाचं आणि हे पापुद्र्यातलं, असा भेद त्याला करता येत नाही. अंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी वाटते, 'कशी करकरीत स्वच्छ झाली' असं आपण म्हणतो, ते प्रत्यक्षात चुना धुऊन गेल्याचं लक्षण असतं. आंबटपणा पुन्हा जागेवर यायला काही तास लागतात. दिवसातून दोनदा चोळून साबण लावणाऱ्याला ते तास मिळतच नाहीत.

त्यात आमचं पाणी. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येणार म्हटल्यावर वापरायला बोअर. बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला, गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. हेच क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका बनवतात. फेस कमी येतो म्हणून आपण साबण जास्त लावतो, आणि साका धुऊन न जाता अंगावर राहतो. मग खाज. त्यावर उपाय म्हणून लोक जंतुनाशक साबण मागायला येतात, जो आणखी कोरडा करतो.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणून एक आकडा छापलेला असतो. त्यात एकूण मेदाचं प्रमाण कळतं. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या दर्जाचा टॉयलेट सोप. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वड्यांत तो बराच कमी असू शकतो. आकडा जास्त म्हणजे भरताड कमी, एवढाच अर्थ. पीएच त्यानेही पाचवर येत नाही. कातडी फारच कोरडी असेल तर साबण नसलेली, सौम्य, वासाशिवायची वडी किंवा द्रव मिळतो, तो बरा. पण खिशाला न लागणारा उपाय याहून सोपा आहे. काख, जांघ, पावलं, आणि मळलेला भाग असेल तिथे साबण लावा. दंड, पाठ, पोट, पिंढऱ्या यांना रोज नुसतं पाणी पुरतं. पाणी कोमट ठेवा. थंडीत बंबाचं कढत पाणी अंगावर घ्यायला छान वाटतं हे मला मान्य आहे, पण गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर फिरणाऱ्या निम्म्या लोकांच्या नडग्या खाजत असतात, त्याला नुसती थंडी कारण नाही. वजरी टाचेपुरती. अंगभर घासणी फिरवू नका.

अंघोळ झाली की टॉवेल टिपायचा, रगडायचा नाही, आणि कातडी ओलसर असतानाच तेल, पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर लावायचं. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. कोरड्याठाक कातडीवर तासाभराने लावलेल्या तेलाला अडवायला फारसं काही उरलेलंच नसतं. तेलांमध्ये आमच्या रब्बीतल्या करडईचं तेल मला आवडतं. त्यात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं, आणि पापुद्र्यातल्या सेरामाइडच्या घडणीत हेच आम्ल लागतं. खोबरेल तर घरोघरी असतंच. महागड्या बाटलीचा अट्टहास कशाला? ज्यांच्या चेहऱ्यावर मुरमं येतात त्यांनी मात्र चेहऱ्याला तेल लावू नये.

आता उन्हाकडे येऊ. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३च्या पुढे जातो आणि दुपारची हवा कोरडी असते. शरीराचं तापमान ३७च्या आसपास. म्हणजे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम. अशा वेळी अंगातली उष्णता हवेत सोडायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. आपल्या कातडीत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातून जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. 'वाळला तर' हे महत्त्वाचं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, टपटप गळतो, आणि गळलेला घाम थंडावा देत नाही. सोलापुरात तो लगेच वाळतो. म्हणून ४० अंशांतही मुंबईपेक्षा बरं वाटतं.

पण यातच धोका आहे. घाम दिसण्याआधीच वाळून जातो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या हमालाचा शर्ट दुपारी बघा. ओला नसतो, पाठीवर पांढऱ्या मिठाचे नकाशे उमटलेले असतात. कष्टाचं काम करणारा माणूस उन्हात तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, जे परवडेल ते.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून मार्चमधली पहिली कडक दुपार मे महिन्यातल्या दुपारीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते, आणि पुण्याहून एसीतून सुट्टीला आलेला भाचा दोन तास क्रिकेट खेळून आडवा होतो. बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

घामोळं म्हणजे घामाच्या नळीचं तोंड बंद होऊन घाम कातडीतच अडकणं. त्यावर टाल्कम पावडरचा थर दिला की घामात त्याची पेस्ट होते आणि जी तोंडं उघडी होती तीही बुजतात. तान्ह्या बाळाला मे महिन्यात तेल चोपडून कुंची घालून ठेवणं हा घामोळं आणण्याचा हमखास मार्ग आहे. मालिश करा, पण मग तेल अंगावर न ठेवता अंघोळ घाला. सैल सुती कपडे, कूलरचा वारा, आग होत असेल तर कॅलामाइन लोशन. दोन-चार दिवसांत जातं.

उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतं ते मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी मेलॅनिन किती बनवतात, त्याचे कण केवढे आणि ते किती टिकतात यात. हे कण शेजारच्या पेशींना वाटले जातात आणि तिथे केंद्रकाच्या वरच्या बाजूला जमतात, म्हणजे आतल्या डीएनएवर सावली पडते. आमच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांचा सावळा रंग ही शरीराने केलेली सोय आहे. तिच्याविरुद्ध लढायला आपण पैसे खर्च करतो, हे मला कधी कळलं नाही. गोरं करणाऱ्या बिननावाच्या, बिनपत्त्याच्या डब्यांत पारा सापडलेला आहे. तो मेलॅनिन बनणं थांबवतो खरा, पण कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडं नासवतो. उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नसलेला डबा फुकट दिला तरी घेऊ नका.

सनस्क्रीनबद्दल थोडक्यात. एसपीएफ म्हणजे ट्यूबवर छापलेला संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० घेतलं तर ९८. फरक एवढाच. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. वाटाण्याएवढा ठिपका लावून एसपीएफ ५०चं संरक्षण मिळत नाही. घामाने ते धुऊन जातं, दोन-तीन तासांनी परत लावावं लागतं. गालांवर वांग असलेल्यांनी ते लावावंच. पण दिवसभर रानात किंवा बांधकामावर असणाऱ्याला मी ट्यूब घ्या म्हणणार नाही. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, डोक्यावरून पदर, स्कूटरवरचा स्कार्फ हे कुठल्याही सनस्क्रीनपेक्षा स्वस्त आणि खात्रीचं. सकाळी उशिरा हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसलात तर ड जीवनसत्त्व बनतं. काचेच्या खिडकीआडून येणाऱ्या उन्हात ते बनत नाही, कारण लागणारे किरण काच अडवते.

आता त्या ट्यूबकडे, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

दुकानात पूर्वभागातला एक यंत्रमाग कामगार आला. हातात ट्यूब. मागच्या टोकापासून गुंडाळत गुंडाळत आणून शेवटचा थेंबही काढून घेतलेली, नाव पुसलेलं.

"अण्णा, हीच द्या की ओ एक. लई गुण येतंय हिचा."

"किती दिवस लावताय, दादा?"

"झाले की चार-पाच म्हैने. लावलं की खाज जाग्यावर बसतीय. थांबवलं की परत उठतंय."

त्याने शर्ट वर करून कंबर दाखवली. गजकर्णाचं जे ठरलेलं रूप असतं, कडा उठलेलं, मधे निवळलेलं गोल चकंदळ, ते तिथे नव्हतंच. एकात एक गुंतलेली अर्धवट वर्तुळं, पुसट कडा, मधे तांबूस, चकचकीत, कागदासारखी पातळ झालेली कातडी आणि पट्ट्याच्या रेषेत पांढुरके ओरखडे. डाग पोटापर्यंत आणि खाली मांडीवर उतरले होते. घरात बायकोला आणि मोठ्या मुलालाही झालंय, असं त्याने बोलता बोलता सांगितलं. तिघं एकच ट्यूब वापरत होते.

गजकर्ण ही बुरशी आहे. तिचं अन्न म्हणजे केराटिन, आपल्या त्या मेलेल्या पापुद्र्यातलं. ती फारशी खोल जात नाही, पसरत जाते. तिच्याशी लढायला शरीर तिथे रक्त आणि पांढऱ्या पेशी पाठवतं, म्हणून लाली आणि खाज. या ट्यूबमध्ये असतं स्टिरॉइड: बीटामेथाझोन किंवा क्लोबेटासोल. बरोबर थोडं बुरशीविरोधी औषध, थोडं प्रतिजैविक. स्टिरॉइड शरीराची ही लढाईच थांबवतं. खाज एका रात्रीत जाते, लाली जाते, माणूस खूश. बुरशी तिथेच, आता तिला अडवणारं कुणी नाही. ती मोकळेपणी पसरते. ट्यूब थांबवली की शरीर परत लढायला लागतं आणि खाज दुप्पट उठते. म्हणून परत ट्यूब.

महिनोन्‌महिने हे चाललं की स्टिरॉइड कोलॅजन बनणं थांबवतं. कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, जांघेत आणि काखेत पांढरे वळ उठतात. ते जन्मभर जात नाहीत. हीच मलमं गोरं होण्यासाठी चेहऱ्याला लावणाऱ्या मुली आहेत. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो. मग लालबुंद होतो, उन्हात गेलं की आग होते, मुरमं येतात, गालावर लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा सुजतो.

स्टिरॉइडची मलमं वाईट आहेत असं मात्र नाही. १९५२मध्ये हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा कातडीवर वापरलं गेलं आणि इसब, सोरायसिससारख्या आजारांचा उपचारच बदलला. ज्या मुलाला खरंच इसब आहे, डॉक्टरांनी दिलंय, त्याच्या आईने भीतीपोटी ते लावायचं टाळू नये. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर जेवढी रेघ मावते तेवढं मलम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरतं. किती, कुठे आणि किती दिवस हे ठरवून दिलेलं असेल तर ते उत्तम औषध. २०१८ साली केंद्र सरकारने ही मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. कागदावर. मी नाही म्हटलं तर रस्ता ओलांडून पलीकडे मिळतं, हे मलाही ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकालाही.

गेल्या काही वर्षांत भारतातलं गजकर्ण पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनिए नावाची बुरशी आता पसरली आहे आणि तिच्यातल्या कित्येक वाणांना टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध लागू पडत नाही. नावातच इंडिया आहे, याचा अभिमान बाळगण्यासारखं काही नाही. त्यामुळे डॉक्टरकडे जाऊन पूर्ण उपचार घ्यावे लागतात, बरेचदा पोटातून गोळ्या, आठवड्यांच्या हिशोबात. मलम डागावरच नाही तर डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस चालू ठेवायचं. घरात ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. अंतर्वस्त्रं आणि कमरेचे कपडे वेगळे धुवायचे, कडक उन्हात उलटे वाळवायचे; ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. घट्ट जीन्स आणि नायलॉन बंद. करगोटा आणि कमरेचा दोरा काही दिवस काढून ठेवा, कारण बुरशी त्यात घर करते. आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. ज्या गावचे टॉवेल देशभर विकले जातात, त्या गावात चार माणसांच्या घरात एकच टॉवेल दोरीवर लोंबतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ, घरातले सगळेच खाजवतायत, असं असेल तर ते गजकर्ण नसून बहुधा खरूज. तो कातडीत बीळ करणारा बारीक किडा. त्याचं औषध वेगळं, आणि तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं.

कातडी काय सहन करते हे बघायचं असेल तर विडी वळणाऱ्या बाईचे हात बघा. सूप मांडीवर, ओलं तेंदूपान कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडून दाबायचं, दोरा. हजार विड्यांवर मजुरी. वर्षानुवर्षं हे केल्यावर अंगठ्याची आणि तर्जनीची पेरं गुळगुळीत होतात, रेषा झिजून जातात. रेशन दुकानाच्या यंत्राला मग अंगठा ओळखू येत नाही. निकोटिन कातडीतून थोडं थोडं आतही जातं, हात ओले असतील तर जास्त. काम झालं की हात एकदा नीट धुवायचे, जेवणाआधी तर नक्कीच, आणि रात्री झोपताना पेट्रोलियम जेली चोळायची. एवढ्याने रेषा परत येणार नाहीत, पण भेगा भरतात. डाईंगमध्ये काम करणाऱ्यांनी हाताचा रंग काढायला ब्लीच किंवा रॉकेल वापरू नये. रंगाने जेवढं बिघडत नाही तेवढं त्याने बिघडतं.

कपाळाची टिकली हा दुसरा किस्सा. स्टिकरच्या गोंदात काही वेळा एक रसायन असतं, जे मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींनाच मारतं. टिकलीच्या जागी, टिकलीच्याच आकाराचा पांढरा ठिपका दिसू लागला की टिकली ताबडतोब बंद करायची, गोंद बदलून बघत बसायचं नाही. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे पट्टे उठतात. हे आणि कोड, दोन्ही संसर्गजन्य नाहीत. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंगाच्या पेशींवर उलटते, तेव्हा कोड होतं. लग्नाच्या बोलण्यांत यावरून मुली नाकारणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही.

घरगुती उपायांपैकी दोन ताबडतोब सोडा. लिंबू चोळून उन्हात जाणं: लिंबातली रसायनं आणि ऊन मिळून कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. आणि भाजल्यावर टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावणं. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा.

मधुमेह असेल तर पायांची गोष्ट वेगळी होते. नसांची जाणीव कमी झालेली असते, आणि मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं तरी चटका कळत नाही. कळतं ते घरी येऊन फोड दिसल्यावर. वारीला अनवाणी चालण्याचा नवस बोललेल्या मधुमेही माणसाला मी हात जोडून सांगतो, विठोबा मोजे घातलेले बघून रागवत नाही. रोज रात्री तळपाय आरशात किंवा नातवाकडून बघून घ्या. टाचेच्या भेगांना युरिया असलेलं क्रीम चांगलं. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग आला, पसरत चालला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तर तो दाखवायला उशीर करू नका; आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलेनोमा नावाचा कर्करोग बऱ्याचदा तिथेच होतो.

आणि एक डाग असा, जो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका किंवा तांबूस, तिथे घाम कमी, केस कमी. त्या माणसाला डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या वातीचं टोक आधी चांगल्या कातडीला, मग त्या डागाला हलकंच टेकवा. डागावर कळलं नाही तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरची अनेक औषधं एकत्र दिलेल्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. डाग कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. औषध सुरू झालं की तो माणूस लवकरच दुसऱ्याला रोग देण्याच्या स्थितीत राहत नाही, तेव्हा त्याचं ताट-वाटी आणि अंथरूण वेगळं काढायचं कारण नाही.